आक्कांच्या खोलीतला हुंकार

चिमणाबाई पुस्तक बदलायला निघाल्या तेव्हा ऊन रस्त्यावर नुसतं उकळत होतं, आणि शाहूपुरीतली दुकानं अर्धी शटरं ओढून जेवायला बसली होती. पिशवीत पुस्तक, डोक्यावर पदर, जिभेवर कुणासाठी तरी एखादी शिवी तयारच. सत्तरी ओलांडलेल्या या बाईनं शाळेची पायरी कधी बघितली नाही. गल्लीतल्या वाचनालयाचा जिना मात्र तिनं आयुष्यभर झिजवला.

दारावर नवी पाटी होती. 'वातानुकूलित अभ्यासिका. शांतता राखा.' आत पोरंपोरी प्लायवूडच्या खुराड्यांत बसलेली. कानांत बोंडं, समोर मोबाईल. सेक्रेटरी विश्वजित दारातच आडवा आला.

"मावशी, पुस्तक परत न्हाय दिलं तरी चालतंय. ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच."

"का? वाचनालय मेलं व्हय?"

"मेलं न्हाय, बदललं. वर बी अभ्यासिकाच करायची. आता रद्दीचा टेम्पो येतोय."

"रद्दी?"

"कोण वाचतंय सांगा की आता? पोरांना पीडीएफ लागतंय. पुस्तकाला तुम्ही एकट्याच येताय."

"एकटी येते म्हणून पुस्तकं किलोवर घालणार? मग घरात बी मी एकटीच हाय. मला बी टाक की टेम्पोत!"

एका खुराड्यातनं पोरीनं ओठावर बोट ठेवलं. "आज्जी, शूऽऽ..."

त्या 'शू'नं चिमणाबाईंचं टाळकंच फिरलं. याच घराच्या माडीवर, मागच्या खोलीत, दुपारची भांडी आवरून गल्लीतल्या बायका जमायच्या. अक्षर न येणाऱ्याच जास्त. वाचनालय चालवणाऱ्या आक्का मोठ्यानं वाचायच्या आणि बायकांनी हुंकार द्यायचा, असा तिथला नेमच होता. 'हूं' आला तरच पुढचं वाक्य. नाही आला, की आक्का ओळीवर बोट ठेवून थांबायच्या. "झोपलीस का मेलीस गं?" मग हसून हसून बायकांची मुरकुंडी वळायची. त्या सरकणाऱ्या बोटाकडं बघत बघत चिमणाबाईंनी अक्षरं उचलली. कुणी शिकवली नाहीत, चोरली म्हणा. पुढं आक्का गेल्या. मग एकेक करून सगळ्याच गेल्या. चिमणाबाई तेवढ्या राहिल्या.

"वर जाऊन डोळं भरून बघते, मग काय ती माती कर," असं म्हणून त्या जिना चढल्या.

मागच्या खोलीतली वीज तोडलेली होती. ओढून आणलेल्या कपाटांनी खिडकी झाकलेली, त्यामुळं भर दुपारी आत गोठ्यातल्यासारखा अंधार. डांबरगोळ्यांचा वास नाकात शिरला. जमिनीवर पुस्तकांचे गठ्ठे पडलेले, सुतळीनं करकचून बांधलेले, बाजारात पाय बांधून टाकलेल्या कोंबड्यांसारखे. चिमणाबाईंच्या छातीत जाळ झाला.

"शांतता राखा म्हणं! घ्या शांतता!"

त्यांनी फटीतल्या उजेडात बैठक मारली, पिशवीतलं पुस्तक उघडलं आणि खालच्या पोरांना ऐकू जावं म्हणून खड्या आवाजात वाचायला घेतलं. "नावाडी म्हणाला, या पाण्याला उतार नाही..."

"हूं."

पारवा असेल. त्यांनी पुढचं वाक्य वाचलं.

"हूं."

या वेळी दोन आले. एक भिंतीकडनं, एक गठ्ठ्यांच्या मागून. तिसऱ्या वाक्याला आणखी एक आला, जाड, नाकातला. तसा हुंकार गल्लीत एकट्या बाळाबाईंचा. आणि बाळाबाईंच्या बाराव्याला चिमणाबाई स्वतः जेवून आल्या होत्या.

त्यांचं बोट ओळीवर थिजलं. खोली वाट बघत होती...

"हूं...?"

कुठंतरी सुतळी कर्रकन ताणली गेली. मग दुसरी. खोलीभर श्वास दाटला, तुंबलेल्या रागाचा.

"आक्का...?" चिमणाबाई पुटपुटल्या.

आक्का नव्हत्या. ऐकणाऱ्या सगळ्या होत्या. वाचणारं कुणी नव्हतं.

मग त्या वाचत सुटल्या. पान उलटायलाही थांबायची सोय नव्हती. घसा खरवडून निघाला, आवाज फाटला, तरी हुंकार एकावर एक अंगावर येतच राहिले. शेवटी दारात विश्वजित उभा राहिला तेव्हा खोली एकदम चिडीचूप झाली.

"कुणाला वाचून दाखवताय मावशी? हमाल आल्यात खाली."

चिमणाबाईंनी पुस्तक त्याच्या छातीवर दाबलं. "घसा बसला माझा. तू वाच."

"मला कुठं जमतंय? शाळा सुटल्यापासनं पुस्तक धरलं न्हाय हातात."

"वाच म्हणते न्हवं!"

म्हातारीची समजूत काढावी म्हणून त्यानं हसत, अडखळत एक ओळ वाचली.

"हूं."

हसू त्याच्या तोंडावर तसंच लटकून राहिलं. "मावशी... मागं कोण हाय?"

"थांबू नगंस."

"मावशी, दार ओढू नगा..."

"कोण वाचतंय, इचारत हुतास न्हवं?" फाटक्या आवाजात त्या म्हणाल्या. "तू वाचतोयस आता."

आणि कठडा धरून त्या खाली उतरल्या.

खाली जिन्याच्या तोंडाशी हमाल उभे होते. वर जायला एकाचाही पाय उचलत नव्हता. थोड्या वेळानं टेम्पो रिकामाच वळला. मागं राहिलेल्या एका हमालानं डोक्याचा टॉवेल सोडून विचारलं, "आज्जी, वर बायकांचा पाठ चाललाय व्हय?"

माडीवरनं विश्वजितचा आवाज येत होता. रडकुंडीला आलेला, तरी न थांबणारा. प्रत्येक वाक्यामागं हुंकार. चिमणाबाई कान देऊन एकेक ओळखत राहिल्या. ही बाळाबाई. ही कोपऱ्यावरची फुलवाली. ही तिची जाऊ... शेवटचा एक मात्र ओळखू येईना. जरा उशिरा येणारा, फाटका, भांडखोर.

"कोण कोण हाय वर?" हमालानं पुन्हा विचारलं.

"गप की!" म्हणून त्याच्या अंगावर खेकसायला चिमणाबाईंनी तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज काही बाहेर आला नाही.

वरनं आला. "हूं."