दार उघडलं की काळोख

"मॅडम, तुमचा स्कॅनर झाला. आणखी काही?"

"एक गेम शोधायचाय. नाव आठवत नाही."

प्रितेशने मान वर केली. निजामपुऱ्यातल्या त्याच्या दुकानात लोक बिघडलेले कॉम्प्युटर आणायचे. हरवलेला गेम अजून कुणी आणला नव्हता. शहराबाहेर पूर्ण्याच्या गोदामात सुपरवायझर असलेली धम्मदिना मात्र स्टूल ओढून बसलीच.

आठवतं ते असं —

छत्रीवाला हत्ती.
शिड्या, शिड्या.
वर निळं दार. दार उघडतं… पडदा काळा. खेळ खलास.

"शाळेत असताना कॉम्प्युटर क्लासला खेळायचे. रोज दारापर्यंत पोचायचे मी!"

मग दर बुधवारी, तिच्या सुट्टीला, तो एकेक जुना गेम काढून ठेवू लागला.

"हा?"

"हा ससा आहे."

"कान मोठे आहेत ना पण."

"हत्ती ओळखता येतो हो मला!"

ती हसली, की तो उगाच माउस पुसायचा. तिला ते दिसायचं. आवडायचंही.

एका बुधवारी, भर दुपारी —

कॉम्प्युटर बंद. पंखा बंद. गल्लीतले कापड विणणारे सगळे लूम एकदम गप्प. इतके, की त्याचा श्वास तिला ऐकू आला.

"लाइट गेली," तो म्हणाला. मग दचकून, "थांबा! तुमचा क्लास किती वाजता असायचा?"

"दुपारीच. का?"

"आणि लोडशेडिंग?"

"ते पण दुपारी…" तिने कपाळावर हात मारला. "अय्या! माझ्या लक्षात नुसता काळा पडदाच राहिला!"

"गेम संपतच नव्हता, मॅडम. लाइट जायची! आणि मी एक छत्रीवाला हत्ती पहिल्याच आठवड्यात बाद केला… शेवटी काळोख नव्हता म्हणून."

लाइट आली. हत्ती आला — तोच! निळं दार उघडलं, तर पलीकडे बाग, पूल, आणखी शिड्या…

"केवढा उरलाय!" ती ओरडली.

प्रितेशचा चेहरा पडला होता. "सापडला. आता कशाला येणार तुम्ही…"

धम्मदिनाने पडद्यावरची नजर काढली.

"पूर्ण्याहून दोन रिक्षा बदलून हत्तीसाठी कोण येतं रे?"

"मग…?"

"तुझ्यासाठी. आवडतोस तू मला. झालं, बोलले."

त्याचे कान लाल. हात कीबोर्डवर तसेच.

"मी… घरी सांगू? आईला?"

"आधी मला तर सांग!"

त्याने सांगितलं. अडखळत, पण अख्खं.