पाऊण वाजताची अंगतपंगत

आई रोज आणखी आणखी उशिरा का जेवते, हे कोडं जुईला काही केल्या सुटत नव्हतं.

शनिवारी आईचा निरोप आला, "जुई, जेवायला बसले गं. तुमच्याकडे बारा वीस झालेत." रविवारी ती एक वाजता बसली आणि सोमवारी चक्क एक चाळीसला. जुईची आई होती मंगळावर. तिथल्या काचघरात मेथी आणि पालक उगवून दाखवायचं काम तिनं अंगावर घेतलं होतं. त्याआधी ती शाळेशेजारच्या रोपवाटिकेत होती. रोज मधल्या सुट्टीत डबा घेऊन ती शाळेच्या व्हरांड्यात यायची आणि मायलेकींची अंगतपंगत (डबे वाटून एकत्र जेवणं) व्हायची. शेवटचा घास दोघी एकमेकींसाठी ठेवायच्या.

आता रात्रीच्या जेवणाला बाबा असायचा, त्याचं काही नव्हतं. पण मधली सुट्टी जुईला खायला उठायची. ती भिंतीकडे तोंड करून बसायची आणि डबा कसाबसा संपवायची.

"आईला माझी आठवण येत नसेल," त्या सोमवारी ती भाऊसाहेबांना म्हणाली. "नाहीतर मधल्या सुट्टीच्या वेळेलाच नसती का जेवली?"

भाऊसाहेब म्हणजे शाळेतला यंत्रमानव. एका कचेरीत वीस वर्षं कारकुनी करून तो निवृत्त झाला आणि शाळेच्या वाट्याला आला. गाणी येत नाहीत, गोष्टी येत नाहीत, येतं काय, तर तक्ते! पाचवीची मुलं त्याच्याकडून खिचडीचे तांदूळ आणि सहलीच्या गाडीतल्या जागा मांडून घ्यायची. बोलणं मात्र अजून कचेरीतलंच.

"आपली तक्रार नोंदवून घेतली," भाऊसाहेब म्हणाले. "परंतु आपल्या मातोश्री उशीर करत नाहीत. त्या रोज ठीक बारालाच जेवतात. मंगळाच्या बाराला."

"म्हणजे?"

"पृथ्वी स्वतःभोवती एक गिरकी घेते, तो आपला दिवस. चोवीस तासांचा. मंगळाची गिरकी जरा संथ. तिला सुमारे चाळीस मिनिटं जास्त लागतात. म्हणून तिथले बारा आपल्या घड्याळात रोज चाळीस मिनिटं पुढे सरकतात."

जुईनं बोटांवर मोजलं. बारा वीस, एक, एक चाळीस. बरोबर! आणि मग तिच्या लक्षात आलं. काल आई बरोबर एकला, मधल्या सुट्टीच्या ठोक्याला जेवत होती आणि काल नेमका रविवार होता.

"पुन्हा कधी येईल एक?" तिनं विचारलं.

भाऊसाहेबांनी आपल्या छातीवरच्या पडद्यावर स्प्रेडशीट (चौकटीचौकटींचा संगणकी कागद) उघडली. डावीकडच्या रकान्यात, म्हणजे उभ्या ओळीत, शाळेची मधली सुट्टी. तिथं रोज एकच वाजणार. उजवीकडच्या रकान्यात आईचं जेवण. पहिल्या चौकटीत त्यांनी आजची तारीख आणि एक चाळीस लिहिलं.

"आता रोजची बेरीज करत बसू?" जुईनं पेन्सिल काढली.

"छे! त्यासाठी सूत्र (एकदाच सांगून ठेवायचा हिशेब) असतं. दुसऱ्या चौकटीला सांगायचं, तुझ्या डोक्यावरच्या चौकटीत जे असेल, त्यात चोवीस तास चाळीस मिनिटं मिळव. मग तिचा कोपरा धरायचा आणि खाली ओढायचं. प्रत्येक चौकट आपापल्या डोक्यावर बघते आणि तेवढंच करते."

जुईनं कोपरा धरून ओढला. दोन वीस, तीन, तीन चाळीस... आकडे भराभरा उतरले.

"इथे आठच्या सुमारास, आपल्या रात्रीच्या जेवणाशी जमतं," भाऊसाहेब म्हणाले. "चालेल?"

"नाही. मधली सुट्टीच हवी."

ती आणखी खाली ओढत गेली. छत्तीस दिवसांनी, मंगळवारी, चौकटीत एक वाजला. जुईनं तो मंगळवार पिवळा रंगवला आणि तक्ता आईला पाठवला. आईनं कळवलं, "त्या दिवशी शाळेसारखीच बसेन. तूही बस."

त्यानंतर जुई दिवस मोजू लागली. तक्ता आणि आईचे निरोप रोज ताडून पाहणं हा तिचा नेमच झाला. आणि आठव्या दिवशी दोन्ही जुळेनात. तक्ता म्हणत होता सात, आई मात्र सहा छप्पन्नलाच जेवायला बसली होती.

"भाऊसाहेब, तुमचं काहीतरी चुकलंय!"

भाऊसाहेबांच्या डोळ्यांचे दिवे दोनदा मिचकले. "मंगळाचा दिवस चोवीस तास, एकोणचाळीस मिनिटं आणि पस्तीस सेकंदांचा. मी चाळीस धरली. कचेरीत सेकंद कोणी धरत नाही."

"पंचवीस सेकंदांनी काय होतं?"

"एकदा काही नाही. पण प्रत्येक चौकट वरचीकडून वेळ घेते, तशी चूकही घेते. छत्तीस दिवसांत मंगळाच्या गिरक्या पस्तीसच, म्हणून पस्तीस वेळा पंचवीस सेकंद. जवळजवळ पंधरा मिनिटं."

जुईनं पहिलं सूत्र दुरुस्त केलं, पुन्हा ओढलं. पिवळ्या मंगळवारी एक नव्हताच, पाऊण वाजला होता! मधली सुट्टी व्हायची एकला. तोवर आईचं जेवण संपत आलं असतं. जुईचे डोळे भरून आले.

"रडण्याची तरतूद तक्त्यात नाही," भाऊसाहेब हळूच म्हणाले. "अर्ज करू या."

अर्ज झोकात झाला. 'विषय: मधल्या सुट्टीची घंटा एक दिवस पंधरा मिनिटे अगोदर देणेबाबत. सोबत: तक्ता.' मुख्याध्यापिका घोडेकर बाईंनी तो दोनदा वाचला.

"घंटा अशी हलवत नाही गं कोणासाठी," त्या म्हणाल्या. मग तक्त्याकडे बघत राहिल्या. "सगळा वर्ग हा तक्ता तपासू दे. बरोबर निघाला, तर देईन."

वर्गानं दोन दिवस तपासला. बरोबर निघाला.

त्या मंगळवारी पाऊण वाजता घंटा झाली. आई गेल्यापासून जुई प्रथमच भिंतीकडे पाठ करून बसली. डब्यात मेथीची भाजी होती. मंगळावर आत्ता आईनंही डबा उघडला असेल, हे तिला ठाऊक होतं. पण आईचा निरोप प्रकाशाच्या वेगानं निघाला, तरी वाटेत त्याला अकरा मिनिटं लागणार होती. जुई सावकाश जेवली आणि शेवटचा घास हातात धरून थांबली.

बारा छप्पन्नला शेजारी उभ्या भाऊसाहेबांचा पडदा उजळला. आई काचघरात जमिनीवर मांडी घालून बसली होती.

"बसले गं जुई," आई म्हणाली आणि घास उचलला. "हा पहिला तुझ्या नावाचा."

आईचा पहिला आणि जुईचा शेवटचा घास एकदमच तोंडात गेले.

डबा धुऊन आल्यावर जुईनं तक्ता उघडला आणि आई घरी पोचणार त्या तारखेपर्यंत कोपरा ओढत नेला. हात दुखेपर्यंत ओढला.

"त्याच्या पुढं आईच्या रकान्यात काय लिहायचं?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"काही नाही," जुई म्हणाली. "त्या दिवसापासून आम्हाला एकच रकाना पुरेल."