चोवीस फुटांची हिरवळ

"मोत्या! कैची खाले ठेव!"

ही आरोळी आपल्याच तोंडून निघाली, हे झुलालभाऊंना ती निघून गेल्यावर कळलं. धुण्याच्या दगडावर चवड्यांवर उभे राहून ते भिंतीवरून डोकावत होते, धोतराचा सोगा गिलक्याच्या वेलात अडकला होता, आणि पलीकडे त्यांचा धाकटा भाऊ मोतीलाल हातात भलीमोठी कात्री घेऊन पुतळ्यासारखा थिजला होता... नऊ वर्षं! नऊ वर्षांत या दोन सख्ख्या भावांमध्ये एक अक्षर झालं नव्हतं, आणि आज झालं ते असं!

मोतीलाल मस्कतची इंजिनियरची नोकरी आटोपून त्र्याण्णव साली धुळ्याला कायमचा परतला होता. आखातातून परतणारी माणसं टीव्ही आणत, सोनं आणत. मोतीलालने गवत आणलं. प्लास्टिकचं! आठ फूट रुंद, चोवीस फूट लांब अशी जाड गुंडाळी ट्रकमधून उतरली, तेव्हा अख्खं देवपूर बघायला जमलं होतं. त्यावर पांढरा चेंडू काठीने हळूच ढकलत नेऊन एका भोकात घालायचा, याला तिकडचे साहेब लोक खेळ म्हणत, आणि मोतीलालच्या डॉक्टरने रक्तदाबासाठी हाच खेळ सांगितला होता.

"म्हस खास का ते गवत?" झुलालभाऊंच्या बेबाबाईंनी भिंतीवरून विचारलं होतं.

"नाही हो वहिनी. ते नुसतं पाहायचं," मोतीलालची कुंदाबाई म्हणाली होती.

"मंग असं एक मना घरमाबी शे!" बेबाबाई नवऱ्याकडे बघत म्हणाल्या होत्या.

भिंत होती ती फक्त पुरुषांमध्ये. बायकांच्या वाट्या तिच्यावरून रोज इकडून तिकडे जात. कळण्याची भाकरी जाई, खिचडी येई. दोन्ही घरांतल्या कर्त्या पुरुषांना याची खबर नव्हती, म्हणजे त्यांनी ती नसल्याचं ठरवलं होतं.

भिंत घातली होती झुलालभाऊंनीच. वडिलांच्या तेराव्याला, पाच माणसांत, रजेवर आलेला मोतीलाल बोलून गेला होता, "भाऊ चार बुकं शिकले असते तर त्यांना कळलं असतं!" त्या एका वाक्याने झुलालभाऊंचं अंतःकरण विदीर्ण झालं होतं! मॅट्रिकला ते शाळेत पहिले आले होते. अमळनेरच्या कॉलेजचा फॉर्मही भरला होता. पण त्याच महिन्यात वडिलांचा उजवा हात लुळा पडला, आणि मोत्याच्या शाळेत खंड नको म्हणून फॉर्म घरीच राहिला व झुलाल गिरणीच्या घडी खात्यात गेला... हे ते त्या पाच माणसांत बोलले नाहीत. कुणालाच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी उखर्डू गवंड्याला बोलावलं आणि परसाच्या मधोमध साडेपाच फुटांची भिंत उभी केली. त्यागी माणसाचा राग असाच असतो. आवाज करत नाही, विटा मात्र पुष्कळ खातो.

घडी खात्यात एकतीस वर्षं त्यांनी कापडाचे ताके मोजले, तपासले, घड्या घालून रचले. अखंड ताका निघाला की त्यांच्या जिवाला समाधान वाटे; मधेच तुकडा पडला की माल चिंधीच्या भावात जाई आणि झुलालभाऊंना त्या दिवशी जेवण जात नसे.

आणि आज, गेल्या तासाभरात पलीकडून मोजपट्टीचा खणखणाट तीनदा ऐकू आला होता. "भिंतीपर्यंत चौदा फूट!" मोतीलालने तीनदा मोठ्याने सांगितलं होतं. "काय करणार! दोन तुकडे करावे लागतील. कात्री आणा!"

"अरे, आखा ताका शे तो!" झुलालभाऊ भिंतीवरून आणखी पुढे झुकले. "आखा मालले कैची लावस? काही वाटस का तुले?"

"पण भाऊ... जागाच पुरत नाही. मधे भिंत आहे!"

'भाऊ' हा शब्द ऐकताच झुलालभाऊ दगडावरून उतरले. त्यांनी वेलात अडकलेला सोगा सोडवला, उपरण्याने डोळे टिपले, आणि घरात बघून ओरडले, "उखर्डूले बलाव! त्याले सांग, पहार लई ये!"

"मना गिलकानी येल?" बेबाबाई धावत आल्या.

"जाऊ दे ती!"

बेबाबाईंनी नवऱ्याचं तोंड पाहिलं, आणि त्या स्वतःच्या हाताने वेल ओढू लागल्या... पाच कोवळी गिलकी पदरात घेऊन त्या हसत होत्या आणि रडतही होत्या!

उखर्डूला ती भिंत घालायला दोन दिवस लागले होते. पाडायला दुपार पुरली. दुसऱ्या दिवशी मुरूम आला, पाणी मारून धुम्मसने ठोकला, वर वाळूचा थर सारखा केला. गुंडाळी सोडायच्या वेळी झुलालभाऊंनी तळहात फिरवून लव पाहिली. "उलटं टाकी राह्यना तू," ते इंजिनियरला म्हणाले. इंजिनियरने निमूटपणे गुंडाळी फिरवली. कडांना खिळे बसले, दोन्ही जावांनी कोरडी वाळू पसरून खराट्याने ती गवताच्या मुळांत बसवली, आणि दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा जमिनीत पुरून भोक तयार झालं. दोन्ही परसांवर पसरलेली ती अखंड हिरवळ पाहून झुलालभाऊंच्या मुखावर अवर्णनीय तेज आलं! सगळ्यांनी चपला बाहेर काढल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं.

सूर्य कलला तेव्हा दोघे भाऊ तिथेच मांडी घालून बसले.

"भाऊ," मोतीलाल म्हणाला, "तुमच्या फॉर्मचं मला कुंदाने कळवलं... वहिनींना तो घरात सापडला होता, त्यांनी तिला सांगितलं. माझी पदवी म्हणजे तुमचं कॉलेज होतं, आणि मी पाच माणसांत..." पुढचे शब्द अश्रूंत वाहून गेले.

"जाऊ दे. तुन्हा आवाज तवयबी मोठाच व्हता," झुलालभाऊ म्हणाले, आणि त्यांनी आपलं उपरणं भावाच्या हातात दिलं.

"अजून एक गुन्हा कबूल करायचाय." मोतीलालने नाक पुसलं. "हे गवत भिंतीला समांतर टाकलं असतं, तर माझ्याच जागेत पुरतं बसलं असतं. कात्री मी उगाच मागवली होती."

"अठ्ठावीस फूट दोन इंच," झुलालभाऊ शांतपणे म्हणाले.

"काय?"

"तुन्ही आडवी जागा. दगडवर चढनू तवयच नजरमा मोजी लिधी मी."

"मग भिंत का पाडलीत?"

झुलालभाऊंनी काठी उचलली, चेंडू पायाशी घेतला, आणि डब्याच्या दिशेने एक डोळा मिटला.

"इंजिनेर मानूस एक जागा तीनदा मोजस, तवय त्याले दुसरंच काही पाहिजे ऱ्हास. आते सरक मोत्या. उनी मन्ही पाळी."