‘क’ला दोन मतं

पडद्यावर चार रंगीत खांब उभे राहिले आणि सभागृहात खसखस पिकली. ‘अ’ला एकाहत्तर मतं, ‘ब’ला अडतीस, ‘ड’ला एकोणीस. आणि ‘क’ला — दोन.

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्या दोनांतलं एक मत तिचं होतं.

डॉक्टरांनाही पुन्हा शाळेत बसावं लागतं, हे पेशंट मंडळींना ठाऊक नसतं. औषधं बदलतात, तपासण्या बदलतात, म्हणून असे कोर्स. दोन दिवस बसा, शिका, गुण मिळवा. ते गुण भरले नाहीत तर नोंदणीचं नूतनीकरण खोळंबतं आणि दवाखान्याला कुलूप. तिचे सहा गुण कमी होते, मुदत महिनाअखेरची होती आणि त्याआधीचा हा शेवटचा कोर्स. वडिलांनी तीस वर्षं चालवलेला दवाखाना त्या सहा गुणांच्या खुंटीला टांगलेला.

प्रश्न साधा होता. तीन आठवडे बारीक ताप, सगळे रिपोर्ट नॉर्मल. आता काय कराल? बाकीच्यांनी नवं स्कॅन, नवं औषध निवडलं. तिच्या बोटानं मात्र आपसूक ‘क’ दाबलं... पेशंटला पहिल्यापासून पुन्हा विचारा.

“‘क’ मी गमतीनं टाकला होता,” व्यासपीठावरचे पिकल्या मिशांचे सर म्हणाले. “हे दोन भाविक कोण? हात वर करा बघू!”

तिनं उजवा हात मांडीखाली दाबून धरला. दुसराही हात कुठे वर आला नाही. भित्रा कुठला! ती मनात म्हणाली, आणि मग तिचं लक्षच लागेना. कोण असेल? तो टक्कल पडलेला? ती पेंगणारी बाई? एकशेतीस डोक्यांत आपल्यासारखं चुकणारं एकच डोकं — आणि ते कुणाचं, हे कळू नये?

चहाच्या सुट्टीत रांगेत उभी असताना तिची नजर चहावाल्या मामांच्या पायांवर गेली. चपलेचे पट्टे सुजलेल्या कातडीत रुतले होते.

“मामा, पायांना सूज कधीपासून आहे?”

हा प्रश्न दोन तोंडांतून एकदम निघाला. तिच्या, आणि टेबलाच्या पलीकडून, एका उंच, विस्कटल्या केसांच्या माणसाच्या.

“अरे देवा!” मामा दचकले. “एका कपाला दोन दोन डॉक्टर? संध्याकाळी येते, सकाळी उतरते. घ्या, आता साखर किती ते बोला.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“...‘क’?” तिनं विचारलं.

“‘क’,” तो म्हणाला.

“मग हात का नाही वर केलात?”

“तुम्ही कुठे केलात?”

“मी लाजले.”

“मी घाबरलो. सर माझे परीक्षक होते. एकदा नापास करून झालंय त्यांचं, पुन्हा कशाला संधी द्या?”

ती हसली. बऱ्याच दिवसांनी, पोटातून. मामांनी मात्र तपासून घ्यायला यायचं वचन दिलं, तेव्हाच दोघांनी साखर किती ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारची खुर्ची त्यानं रुमाल टाकून धरून ठेवली होती. एवढा मोठा डॉक्टर आणि रुमाल टाकतो! पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पाय हलत होता, फोन उलटा-सुलटा होत होता.

“मुख्य तक्रार?” तो पडद्याकडेच बघत पुटपुटला.

“काय?”

“पेशंटची मुख्य तक्रार सांगा.”

“...अस्वस्थता.”

“किती दिवसांपासून?”

“तीन आठवडे.” तिनं डोळे खाली केले. “कालपासून थोडी निराळ्या जातीची.”

त्याची लेखणी घरंगळून खाली गेली. ती उचलून तो वर आला तेव्हा त्याचे कान लाल होते. “पहिल्या जातीचं आधी सांगा,” तो म्हणाला.

मग तिनं शिंपीकाकांचं सांगितलं. वडिलांचे जिवलग मित्र, तिचे लहानपणापासूनचे फ्रॉक शिवणारे. तीन आठवडे ताप, रात्री घाम. सगळे रिपोर्ट स्वच्छ. “काल बटण दाबलं खरं, पण मी स्वतः कुठे विचारलं पहिल्यापासून? रोज शंभर पेशंट... नाडी बघितली, गोळ्या बदलल्या.”

“शिंपी म्हणजे तोंडात टाचण्या धरत असतील?”

“दिवसभर.”

“दात कसे आहेत?”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. छाती तपासली, पोट तपासलं. दात? दुसऱ्या क्षणी ती बाहेरच्या वऱ्हांड्यात होती, फोन कानाला.

“काका, एवढ्यात दाढ-बिढ काढलीत का?”

पलीकडे आधी दार लोटल्याचा आवाज. मग खाकरणं. “हळू बोल, काकू इथंच आहे. काढली एक... ताप यायच्या आठवडाभर आधी.”

“कुणाकडे?”

“कुणाकडे कशाला? मशीनचा दोरा तिहेरी केला, दाराच्या कडीला बांधला—”

“काका! मला सांगितलं का नाही?”

“तू विचारलंस कुठे, बाळ?”

ती भिंतीला टेकली. काकांच्या हृदयाची एक झडप लहानपणच्या आजारानं अधू होती. दाढेच्या जखमेतून जंतू रक्तात शिरून त्या झडपेवर ठाण मांडून बसले असतील, तर एकेक तास मोलाचा.

घड्याळात साडेतीन. सहाला दारातल्या यंत्रावर कार्ड लावलं तरच दोन दिवसांचे गुण, नाहीतर भोपळा.

तो मागोमाग आला होता. सगळं ऐकून त्यानं हात पुढे केला. “कार्ड द्या. तुमचं नि माझं, दोन्ही मी लावतो. कुणाला कळणारही नाही.”

कार्ड तिच्या बोटांत होतं. नुसतं सोडायचं होतं. दवाखान्याच्या पाटीवरचं वडिलांचं नाव तिच्या डोळ्यांपुढे आलं.

“नको,” ती म्हणाली. “काकांनी एक दाढ लपवली, तर केवढं महागात पडतंय. मी नाही काही लपवणार.”

त्यानं हात मागे घेतला, ओशाळला. मग स्वतःचंच कार्ड गळ्यातून काढून खिशात कोंबलं. “चला. आमच्या हॉस्पिटलात खाट आहे, हृदयाची सोनोग्राफी करणारा मित्र आहे. गाडी खाली आहे.”

“आणि तुमचे गुण?”

“माझी मुदत वर्षभर आहे. परत यायला काहीतरी निमित्त हवंच होतं.”

अंदाज खरा निघाला. झडपेवर जंतूंचा थर होता. सहा आठवडे शिरेतून औषध चाललं आणि काका मरणाच्या दारातून परत आले. तिच्या दवाखान्याला मात्र महिनाअखेरीस कुलूप लागलं. रोज सकाळी हात रिकामे, आणि रिकामे हात तिला कधीच सोसले नव्हते. मग ती काकांजवळ येऊन बसायची. फेरीवर तो यायचा. काकांची नाडी बघायला त्याला हल्ली फार वेळ लागायचा.

“डॉक्टर,” काका एकदा म्हणाले, “नाडी माझी धरलीय, बघताय तिच्याकडे. आकडा चुकेल.”

त्या दिवशी जिन्यात त्यानं विचारलं, “दुसऱ्या जातीची तक्रार... अजून आहे?”

“वाढलीय.”

“माझ्याशी लग्न केलंत तर उतार पडेल?”

“दवाखाना उघडू दे,” ती कशीबशी म्हणाली. “कुलूपबंद दारातून हो म्हणायचं नाही मला. पुढच्या कोर्सला सांगते.”

ते सात आठवडे त्यानं कसे काढले, ते वॉर्डातल्या सिस्टरांना विचारावं.

पुढचा कोर्स. तेच सभागृह, तेच सर आणि — माणसाची सवय जाते थोडीच — तोच प्रश्न. खांब उभे राहिले. ‘क’ला दोन.

“पुन्हा दोन!” सरांनी चष्मा वर केला. “आज सोडत नाही. हात वर!”

तिनं शेजारी पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. खुर्चीच्या दांडीवर त्याचा हात नुसता पालथा पडला होता, निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखा. तिनं आपली बोटं त्याच्या बोटांत घट्ट अडकवली आणि हात उचलला. एकशेतीस डोक्यांच्या वर, दोघांचा मिळून एक.

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. दारातून मामा ओरडले, “मला आधीच ठाऊक होतं!”

सर मिशीत हसले. “गेल्या खेपेला साडेतीनला पळालात म्हणे. आज सहापर्यंत बसाल ना?”

“बसू, सर,” ती म्हणाली. हात तिनं खाली घेतला, पण सोडला नाही. आणि पुष्कळ वेळानं तिच्या लक्षात आलं, आपला पाय हलायचा थांबलाय.