पाठवणीची तबकडी

ये सचिन, त्या मोबाईलचा उजेड बंद कर आदी. तोंडावर मारू नको. लाईट यायला अजून टाईम हाय, तवर ऐका. आन् मधी कुनी फिदीफिदी हसला, तर गोष्ट तिथंच बंद.

आपल्या वस्तीत भूतबित कुनी मानत न्हाई. मीबी मानत न्हाई. पन तिसगावच्या रंभाजीच्या घरात जे हुतं, ते मी ह्या डोळ्यानं बघितलंय.

रंभाजी म्हंजी आमच्या टायमाचा डीजे. गावोगाव कॅसेटी आल्या, तरी ह्यो आपला तबकड्याच लावायचा. हळदीला ठसक्याचं गानं, पंगतीला सनई, व्याही रुसला की लावनी. मग रुसलेला मानूसबी गालात हसायचा. पन पाठवनीची तबकडी निराळी. पोरीचा पाय गाडीत पडला की ती लावायची, आन् शेवटपत्तोर वाजू द्यायची. अर्ध्यात सुई उचलली तर पोर अर्ध्या वाटंतनं माघारी येती, असं तो समद्यांना सांगायचा.

आन् स्वताच्या सुजाताच्या लग्नात त्यानंच उचलली. बापाचं काळीज, त्याला ऐकवंना.

सुजाता आली की माघारी. वरीस झालं नसंल. एका रातीला, अंगावर वळ घिऊन. बापाला ती दादा म्हनायची. "दादा, दार उघडा." रंभाजी आतनंच म्हनला, "दिल्या घरी ऱ्हा बाई. लोक काय म्हनतील?" दार काय उघडलं न्हाई. सकाळी पोर अर्ध्या वाटंवरच्या इहिरीत घावली. एका पायातलं जोडवं न्हवतं. गाळ उपसला, तरी ते काय मिळालं न्हाई.

तवापासनं ती तबकडी पेटीच्या तळाला पडून ऱ्हायली.

मग सत्त्यान्नव साल. बुद्धपुर्निमेला माझ्या पुतनीचं, वृषालीचं लगीन. आदल्या सांजंला मी गान्याच्या सेटची आठवन द्यायला रंभाजीकडं गेलो. म्हनलं, "पोरीला पाठवनीला तीच तबकडी पायजे." त्यानं पेटी फुडं वढली. मग म्हनला, "बघतो वाजती का."

आता रातीचं सांगतो, ते त्यानंच मला मागनं सांगितलं.

त्यानं तबकडी काढली, पुसली. तिच्यावर चरा हुता, सुई उडायची. म्हनून सुईच्या दांडीवर वजनाला चारान्याचं नानं ठिवलं. आता सेट चालू करनार, तेवढ्यात लाईट गेली. बॅटरी तर पेठंत चार्जिंगला टाकलेली. मग समदं तसंच ठिवून तो आडवा झाला.

डोळा लागला आसंल नसंल...

तबकडी फिराया लागली.

लाईट न्हाई. बॅटरी न्हाई.

गानं बारीक येत हुतं. खोल इहिरीतनं आल्यावानी. वाजत वाजत त्या जागी आलं. जिथं त्यानं सुई उचलली हुती, तिथं...

थांबलं.

मग दाराची कडी वाजली.

"दादा..."

रंभाजी उठला. ह्या बारीला मातर त्यानं कडी काढली. दार सताड उघडलं.

भाईर टिपूर चांदनं. कुनीच न्हाई.

"ये बाई," तो म्हनला. "आत ये. लोकांचं जाऊ दे... माझं चुकलं गं."

...

मागं, घरात, गानं फुडं सुरू झालं. ऱ्हायलेलं अर्धं. ह्या टायमाला त्यानं हात लावला न्हाई.

सकाळी मी टेम्पो घिऊन गेलो, तर दार तसंच उघडं. रंभाजी उंबऱ्यात बसलेला. नुस्तं आत बोट केलं.

मी जाऊन बघितलं. सुई तबकडीच्या शेवटाला टेकलेली. दांडीवर चाराने न्हवते.

तिथं जोडवं हुतं. वलं. गाळानं भरलेलं.