रस्त्यावर उमटलेली तुटक रेघ

नवे ब्रेक आधीच्यांपेक्षा कितीतरी जोरकस. स्टीअरिंग इतकं चलाख, की मनगट हललं तरी पुढची चाकं वळावीत. स्प्रिंगा तर अशा कडक, की झुबेरनं गाडीच्या नाकावर चढून उड्या मारल्या तरी गाडी तसूभर दबली नव्हती. एवढं करूनही ईशानीची गाडी वळणावर सरळच गेली आणि जुन्या टायरांच्या ढिगात नाक खुपसून थांबली.

"स्टीअरिंग फिरवलंस, का नुसतं धरून बसलीस?" झुबेरनं विचारलं. गाडी दोघांनी मिळून बांधली होती.

"फिरवलं! चाकंपण वळली. गाडीच वळली नाही."

ईशानीनं पाना उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. तिचे पाय एका जागी ठरेनात. कोल्हापुरात आता सगळ्या गाड्या आपल्या आपण धावत. वर्षातून एकच दिवस गगनबावड्याचा घाट मुलांनी बांधलेल्या, मुलांनीच चालवायच्या गाड्यांसाठी मोकळा ठेवत. तो दिवस आजचाच. पण आधी पायथ्याच्या या खडबडीत वळणावर चाचणी होती आणि थोड्याच वेळात परीक्षक पाटोळेबाई येणार होत्या. नापास झालं, तर त्या गाडीत स्वयंचालक (गाडी आपोआप चालवणारा संगणक) बसवणार. मग आपलीच गाडी रिकाम्या सीटनिशी घाट चढताना खाली उभं राहून बघायची!

"स्प्रिंगा अजून कडक करू," ती म्हणाली. घट्ट ते चांगलं, हे त्यांच्या वर्कशॉपमध्ये सगळ्यांनाच पाठ होतं.

"कर की. मी टायरांचा ढीग मोठा करतो," मागून आवाज आला.

तो टोळ होता. चार पायांचा यंत्रमानव. दरड कोसळली की दगडधोंड्यांतून पलीकडे औषधं पोचवणं हे त्याचं काम. एरवी त्याचा मुक्काम वर्कशॉपमध्ये. बोलणं मात्र कायम तिरकस.

"टोमणे नकोत, उत्तर सांग!"

"तूच सांग. गाडी रस्त्याला कुठं शिवते?"

"चाकांनी."

"सगळ्या चाकानं?"

ईशानी वाकली. प्रत्येक टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग जमिनीला टेकला होता. "एवढ्याशा तळहातांवर अख्खी गाडी?"

"ब्रेक असो की स्टीअरिंग, सगळ्यांचा हुकूम तिथूनच रस्त्याला पोचतो. तिथली पकड (घर्षणामुळे टायर न घसरणं) सुटली, की हुकूम ऐकणार कोण? आता ते तळहात वळणावर खरंच टेकतात का, बघ."

कसं बघणार? ईशानीची नजर मैदान आखायच्या फक्कीच्या पोत्यावर गेली. तिनं ती पांढरी भुकटी वळणावर पातळ पसरली आणि झुबेरला त्यावरून गाडी न्यायला लावली. गाडी खडखडत गेली. मागं चाकाची रेघ उमटली, मग कोरी फक्की, मग पुन्हा रेघ.

"चाक हवेत होतं!" ईशानी ओरडली. "प्रत्येक खळग्यावर!"

टोळनं चारी गुडघे ताठ केले आणि तो दगडांच्या ढिगावर चढला. दुसऱ्याच पावलाला धाडकन उताणा. झुबेर पोट धरून हसला.

"हसून झालं असेल तर उठवा," टोळ म्हणाला. मग गुडघे सैल ठेवून तो तोच ढीग सहज पार करून गेला. "सस्पेन्शन (चाकाला गाडीशी जोडणारी स्प्रिंगांची व्यवस्था) म्हणजे गाडीचे गुडघे. चाक खळग्यात उतरलं पाहिजे, उंचवट्यावर चढलं पाहिजे. पण जमीन सोडता कामा नये."

दोघांनी घाईघाईनं मऊ स्प्रिंगा बसवल्या. पण आता गाडी डुचमळत राहिली. मग ईशानीनं डॅम्पर (स्प्रिंगची उसळी शमवणारा तेलाचा दट्ट्या) थोडा थोडा आवळला. या वेळी फक्कीवर रेघ अखंड उमटली.

फक्की झाडून, रस्ता धुऊन, वाळवून ती वेगात वळणावर आली. ब्रेक दाबला, स्टीअरिंग फिरवलं... आणि गाडी पुन्हा टायरांत!

"आता काय?" तिचं रडू फुटायच्या बेतात होतं. "आता तर चाकं टेकलेली होती!"

"पकड म्हणजे एकच भाकरी," टोळ म्हणाला. "ती सगळी ब्रेकनं खाल्ली, तर वळायला काय उरणार?"

ईशानी डोळे पुसायचं विसरली. "म्हणजे आधी सरळ रस्त्यावर ब्रेक. मग तो सोडत जायचं, आणि मग वळायचं?"

"मला काय विचारतेस? पाय तुझा आहे."

फाटकातून पाटोळेबाई आत आल्या. ईशानी पट्टा आवळून बसली. वळण अंगावर धावून आलं. तिनं लवकर ब्रेक दाबला. टायरांचा ढीग दिसताच पाय म्हणत होता, दाब, अजून दाब! तिनं दात आवळले, पाय हळूहळू उचलला आणि स्टीअरिंग फिरवलं. गाडीचं नाक आज्ञाधारकपणे आत वळलं. ढिगातले टायर बाजूनं मागं पळाले.

"भीती वाटते तिथंच ब्रेक सोडलास. का?" बाईंनी विचारलं.

ईशानीनं एका दमात सगळं सांगितलं: तळहात, गुडघे, भाकरी.

"पास," बाई म्हणाल्या. "आता एक सांग. चंद्रावर गाडी रस्त्यावर सहापट कमी भारानं टेकते. मग तिथं पकड किती?"

"कमी! म्हणजे ब्रेक खूप आधीपासून... नाही, थांबा, स्प्रिंगापण बदलाव्या लागतील..."

"अगं, आधी घाट तर चढून ये!" झुबेर ओरडला.

ईशानीनं गाडी घाटाच्या दिशेनं वळवली. आपल्या हातांनी.