मागच्या वेळी राहिलेलं

ताईची नवी नोकरी दोन दिवसांच्या अंतरावर होती. तिथं ती मला सोबत राहू देणार की नाही, हे या प्रवासातच ठरणार होतं. "वाटेत एकही चेष्टा केलीस, तर तिथल्या तिथं सोडून जाईन," असं तिनं निघतानाच बजावलं. तिचंही बरोबर होतं. तिच्या आधीच्या साहेबांना मी फोनवर त्यांच्याच आवाजात झापलं होतं. आणि घरी परतायची सोय नव्हती. बाबांनी माझ्या खोलीत आदल्या दिवशीच शिवणयंत्र आणून ठेवलं होतं.

गाडी मी चालवत होतो. फाटा आला की ताईनं डोळे मिटायचे आणि बोट दाखवायचं, ही आमची लहानपणापासूनची पद्धत. पहिल्या बोटानं आम्ही एका तळ्याकाठी पोचलो. पाणी इतकं नितळ, की ढगांनी वाकून भांग पाडावा.

तिथल्या टपरीवाल्यानं चहाबरोबर एक कंगवा पुढं केला.

"ताई, मागच्या वेळी राहिला होता."

"मागच्या वेळी? अहो, मी आज पहिल्यांदाच येतेय."

"बरं," तो म्हणाला आणि कप विसळायला लागला.

कंगव्याचा चौथा दात तुटलेला होता. ताईनं पर्स उघडली. तिचा कंगवा पर्समध्येच होता. त्याचाही चौथा दात तुटलेला. दोन्ही शेजारी धरून तिनं माझ्याकडे पाहिलं.

"याला कधी दिलास?"

"अगं, रस्ता तू निवडलास. डोळे मिटून!"

"तेच विचारतेय. जमवलंस कसं?"

खरं सांगायचं तर मला थोडा अभिमानच वाटला. इतकी बेमालूम चेष्टा मला जन्मात जमली नव्हती.

दुसऱ्या बोटानं घाट लागला. वळणावर कठडा, खाली दरी, तळाशी धुक्याचा एकच तुकडा, कुणी पुसायला विसरल्यासारखा. कठड्यापाशी एक म्हातारी भाड्याची दुर्बीण घेऊन बसली होती. तिनं ताईच्या हातात चष्मा ठेवला.

"मागच्या वेळचा."

डाव्या काचेवर ओरखडा. ताईनं नाकावरचा चष्मा काढून पाहिला. ओरखडा तिथंही होता, तेवढाच, तसाच तिरका.

"ताई, शपथ, यात माझा हात नाही."

"तुझ्या शपथांचं लोणचं घालू का?"

नंतर तासभर शेजारी बघावं तेव्हा ती माझ्याकडेच बघत असायची. मी गुपचूप हमरस्ता धरला. पुढच्या फाट्यावर तिनं न विचारताच डोळे मिटले.

"वळव. आज तुला रंगेहाथ पकडणार."

दोन्ही बाजूंना उंच, सरळसोट झाडं. दुपारचे तीन. रस्ता एका बैठ्या लॉजपाशी संपला. पायरीवर मालकीणबाई मटार सोलत होत्या.

"बरं झालं आलात," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी हा राहून गेला."

त्यांच्या मागून मी बाहेर आलो.

तोच शर्ट. उसवलेली बाही तीच. त्याच्या हातात आमच्या गाडीची किल्ली होती. माझ्याही.

ताई दोन पावलं मागं सरकली.

"ताई, तो मी नाही." मी म्हणालो. "गाडीत बस, प्लीज. मी चेष्टा करत नाहीये."

"सापडला चोर!" तो म्हणाला. "मी, आणि चेष्टा करत नाही? ताई, शंका असेल तर दोघांनाही ने. एक बिघडला तर दुसरा वापर."

ताई हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

मी तोंड उघडलं. आमच्या लहानपणचं काहीतरी सांगावं, असं मनात आलं. पण मला आठवतं ते त्यालाही आठवत असणार. त्या क्षणी एक विनोद पुरला असता. कसलाही, फालतूसुद्धा.

सुचला नाही.

ती त्याच्या शेजारी बसली. दार लागलं. गाडी झाडांमधून गेली आणि फाट्यावर थांबली. ताईनं डोळे मिटले असणार. मग गाडी वळली.

"आत या," मालकीणबाई म्हणाल्या. "उन्हात किती वेळ उभे राहाल?"

आतल्या खोलीत भिंतीला लागून एक लांब बाक होता. त्यावर ताई बसली होती. नाकावर चष्मा नव्हता, केस विंचरलेले नव्हते.

मला पाहून ती थोडी सरकली.